लोकलला टाका

नव्या मीटरच्या पाठीला एक चौकोनी भोक होतं, त्यात इंटरनेटची वायर खुपसायची सोय होती. त्या एवढ्याशा भोकापायी आमच्या लॅबमध्ये जे रामायण झालं, त्यातला निम्मा दोष मी आजवर शेठच्या माथी मारत आले. हे लिहायला बसले आणि सगळं नीट आठवून बघितलं, तर शेठच्या वाट्याला फारसं काही उरत नाही.

आमची लॅब अंबरनाथ एमआयडीसीत आहे. लॅब म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पांढरे कोट येतात. आमच्याकडे दोन खोल्या, एक भट्टी, चार टेबलं आणि एक बेसिन आहे. त्या बेसिनमध्ये हात धुवायचे की कप, यावर तीस वर्षांत एकमत झालेलं नाही. शेजारी केमिकलची कंपनी. तिचा वास सोमवारी वेगळा, गुरुवारी वेगळा. बाहेरचा माणूस नाकाला रुमाल लावतो, आम्हाला त्यावरून वार कळतो. काम असं की कोणी पॉवर सप्लाय बनवतं, कोणी चार्जर, कोणी ट्रान्सफॉर्मर. तो माल आमच्याकडे येतो. आम्ही त्याला भट्टीत कोंडतो, त्याच्यावर लोड टाकतो आणि तो किती तास तग धरतो ते मोजतो. म्हणजे दुसऱ्याच्या मालाचा रीतसर छळ करायचा आणि तो जगला तर तसा दाखला द्यायचा.

मालक उल्हासनगरचे. आम्ही त्यांना शेठ म्हणतो, ते मला मॅडम म्हणतात. रागावले की मात्र सिंधीत बोलतात, आम्हाला कळू नये एवढी माणुसकी ठेवतात. मी विठ्ठलवाडीच्या चाळीत वाढले, शाळेपासून सिंधी मैत्रिणींत वावरले, त्यामुळे ते जे काय बोलतात ते सगळं मला कळतं. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. माणूस दिलदार आहे, पण नवी वस्तू दिसली की वय विसरतो. एका प्रदर्शनात त्यांनी एक मीटर बघितला, जो मुंबईत ठेवून दिल्लीहून चालवता येत होता. दिल्लीहून चालवायची आम्हाला काय गरज, असं मी विचारलं. शेठ म्हणाले, गरज बाद में देखेंगे.

आता काका. काका अंबरनाथजवळच्या गावचे, तिथले मूळचे. त्यांच्या वाडवडिलांची भातशेती होती तिथं आज सात मजल्यांच्या इमारती आहेत आणि त्यातल्या एकीला काकांच्या वडिलांचं नाव आहे. पगारासाठी त्यांना लॅबमध्ये यायची काडीची गरज नव्हती. शेठची अख्खी लॅब त्यांच्या पार्किंगमध्ये मावली असती, आणि हे शेठलाही ठाऊक होतं, म्हणून शेठ त्यांच्याशी जरा जपून बोलत. तरी तीस वर्षं काका जुन्या स्कूटरवरून सकाळी आठला हजर. आयटीआय झालेला माणूस. काम काय, तर मीटरसमोर उंच स्टुलावर बसायचं आणि दर अर्ध्या तासानं आकडा वहीत लिहायचा.

हे काम ते ज्या थाटात करत तो बघण्यासारखा होता. आधी क्लिपा दाबून बघायच्या. मग चष्मा पुसायचा. मग मीटरकडे बघत गप्प राहायचं. नवखा माणूस म्हणायचा, आकडा तर आला, लिहा की. काका म्हणायचे, बसू दे. आकडा पाहुण्यासारखा असतो, तो दारात उभा असताना त्याला काही विचारू नये, असं त्यांचं मत. रीडिंग स्थिर झालं की मगच पेनाचं टोपण निघायचं. त्यामुळे “बसलं का?” आणि “बसलो, बसलो” हे आमच्याकडे दिवसभर चालायचं, आणि शेजारच्या कंपनीतल्या लोकांचा बरीच वर्षं असा समज होता की आमच्याकडे रोज बाटली उघडते.

एकदा मी त्यांना सहज विचारलं होतं की घरी आराम का करत नाही. ते म्हणाले, “घरी मना कोन काय इचारतं, बाय? पोरं फ्लॅटचा भाव सांगतान, सुना सीरियल बघतान. हितं आकडा मी सांगतो.” मी हसले आणि विषय सोडून दिला.

नवा मीटर आला तेव्हा त्याची जाड पुस्तिका वाचायचं काम माझ्याकडे आलं, कारण लॅबमध्ये इंग्रजी शेवटपर्यंत वाचायची चिकाटी असलेली मी एकटीच. वाचता वाचता मी त्याच्या प्रेमात पडले, हे कबूल करते. त्याच्याशी कॉम्प्युटरवरून लिहून बोलता येतं. ‘कोण तू’ असं विचारलं की तो कंपनीचं नाव, मॉडेल आणि स्वतःचा नंबर सांगतो. ‘मोज’ म्हटलं की मोजतो. ‘सेकंदाला दहा वेळा मोज आणि सांगत राहा’ म्हटलं की तेही करतो, कुरकुर नाही, डोळे वटारणं नाही. घरी माझ्याशी एवढ्या अदबीनं कोणी बोलत नाही. पंधरा दिवसांत मी एक प्रोग्राम लिहिला. मीटरचे आकडे कॉम्प्युटरवर येणार, तिथून इंटरनेटवर जाणार, आणि गिऱ्हाईक आपापल्या खुर्चीत बसून त्याच क्षणी ग्राफ बघणार. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. पंचेचाळिशी उलटल्यावर नवीन काही जमलं की बाई जरा हवेत जाते.

मीटर असा कॉम्प्युटरच्या ताब्यात गेला की त्याच्या कोपऱ्यात ‘रिमोट’ असं उमटतं आणि समोरची सगळी बटणं मरतात. एकच बटण जिवंत राहतं, त्यावर ‘लोकल’ लिहिलेलं असतं. ते दाबलं की मीटर कॉम्प्युटरचं ऐकणं सोडतो आणि समोरच्या माणसाचं ऐकायला लागतो. शेठना येता-जाता बटणं दाबायची सवय, म्हणून मी बटणांच्या अख्ख्या पट्टीवर एक पुठ्ठा चिकटवला आणि त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘हात लावू नये’. ते शेठसाठी होतं. शेठनी ते वाचलंच नाही. काकांनी वाचलं, आणि आपलं स्टूल हातभर मागे घेतलं. मी ते बघितलं आणि दुसऱ्या कामाला लागले.

पहिलं गिऱ्हाईक पुण्याचं होतं. तिथले एक साहेब, हॉस्पिटलात खाटेशेजारी जो मॉनिटर असतो त्याचा पॉवर सप्लाय बनवणारे. माणूस हुशार, सभ्य आणि रिकामा. दिवसभर आमचा ग्राफ उघडून बसायचा. दुसऱ्याच दिवशी फोन आला की अकरा वाजून दहा मिनिटांनी रेषेत खड्डा दिसतोय, काय झालं? मी शोधलं. चहा झाला होता. आमची चहाची शेगडी विजेवरची, आणि ती त्याच लायनीवर. दुपारी साडेतीनला पुन्हा खड्डा, पुन्हा फोन. मी सांगितलं, दुसरा चहा. साहेबांनी थोडा विचार करून विचारलं की रोज दोनदाच घेता का. आमच्या नळाला पाणी किती वाजता येतं आणि पंप कधी लागतो, तेही चार दिवसांत पुण्याला कळलं. एवढी पाळत माझ्या सासूनं ठेवली नव्हती.

खड्ड्यांचं एक वेळ ठीक. पण कधी कधी मीटरकडून उत्तर यायला उशीर व्हायचा आणि ग्राफ तुटायचा, मध्ये नुसतीच पांढरी जागा. मग फोन यायचा तो थेट शेठना. शेठ माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, “मॅडम, ग्राफ टूटना नहीं मंगता. कुछ भी करो.” मी काय केलं, तर प्रोग्राममध्ये एक ओळ घातली. मीटरकडून आकडा आला नाही, तर आधीचाच आकडा परत दाखवायचा. सेकंद-दोन सेकंदांचा प्रश्न, कोणाच्या बापाचं काय जातं, असं मी म्हटलं. दोन सेकंदांनंतर थांबायचं, हे मात्र मी त्यात लिहिलं नाही. लक्षात राहिलं नाही असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे मला घरी जायची घाई होती.

ग्राफ तुटायचा थांबला. शेठ खूश, पुणे खूश. मग पुण्याची मोठी टेस्ट आली. नवा बारा व्होल्टचा सप्लाय, सलग साठ तास भट्टीत, शुक्रवारी सकाळी सुरू, रविवारी रात्री आठला शेवट. शेठनी मला आत बोलावून सांगितलं की ही टेस्ट माणसाशिवाय पार पडली तर पुढच्या एक तारखेपासून काकांना मोकळं करायचं. मीटर स्वतःच आकडे पाठवतो, मग समोर बसायला माणूस कशाला? वर म्हणाले, त्यांना कुठं गरज आहे, आणि तुम्हीच सांगा, तुमचं ऐकतात. मी मान डोलावली. मला वाईट वाटलं नाही असं नाही, पण आपला प्रोग्राम साठ तास चालतो का, हे बघायची उत्सुकता त्याहून मोठी होती. हे मला आज लिहितानाही आवडत नाही.

काकांना मी सांगितलं ते असं, की काका, शनिवार-रविवार येऊ नका, वही बंद ठेवा, सगळं आपोआप होणार, तुम्हाला त्रास नको. त्यांनी विचारलं, माजा तरास कंचा? मी काहीतरी पुटपुटले. एक तारखेचं मी बोललेच नाही, पण एमआयडीसीत कुठली गोष्ट लपते? ती त्यांना चहावाल्याकडून आधीच कळली होती.

रविवारी दुपारी मी बदलापूरला, खरवईत आमच्या घरी. नवरा आत मटणाला फोडणी देत होता, मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून लसूण सोलत होते. बावन्न तास झाले होते. ग्राफची रेषा पट्टी ठेवून आखल्यासारखी सरळ. पुण्याच्या साहेबांचा मेसेज आला होता, काय अप्रतिम स्थिरता आहे. शेठनी तो मला पुढे पाठवला होता, खाली हात जोडलेली चार चित्रं. मीही खूश होणार होते. पण आकडा बघितला, बारा पॉइंट शून्य तीन चार. लसणाच्या पाच पाकळ्या सोलून परत बघितलं, तोच. मीटरचा शेवटचा आकडा कधी एका जागी राहत नाही, तो सतत एखाद-दुसऱ्यानं नाचत असतो, आणि नाचायलाच हवा. मुलं बाजूच्या खोलीत फार वेळ गप्प बसली की आई उठून बघायला जाते. मला तसं झालं.

लॅबमध्ये रविवारी कोणी नसतं. पण काकांच्या स्कूटरला एमआयडीसीशिवाय रस्ता माहीत नाही आणि लॅबची एक किल्ली तीस वर्षं त्यांच्याकडेच आहे, म्हणून अंदाजानं त्यांना फोन लावला. ते तिथंच होते. दार नीट लागलंय का बघायला आलो, म्हणाले. सकाळपासून दारच बघत असावेत. मी त्यांना म्हटलं, “काका, मीटर लोकलला टाका. मग त्यावर काय आकडा दिसतो तो मला वाचून सांगा.”

आमच्या लॅबचं छप्पर पत्र्याचं. तिथं फोन लागणं नशिबावर आणि लागलेला टिकणं पुण्याईवर. नंतर कळलं, काकांना ऐकू आलं ते ‘लोकलला टाका’पर्यंत. पुढे खरखर. मी आणखी पाच वेळा फोन केला, त्यांनी उचलला नाही.

इथं आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. लॅबचा छोटा-मोठा माल, एखादं सँपल, एखादी विसरलेली कागदपत्रांची पिशवी, आम्ही कधी कुरियरनं पाठवली नाही. रोज लोकल गाडीनं जा-ये करणारा ओळखीचा कोणी तरी गाठायचा, त्याच्या हातात द्यायची आणि पलीकडच्याला फोन करायचा, ‘लोकलला टाकलंय, उतरवून घे.’ काकांनी तीस वर्षांत अशी हजार पार्सलं टाकली असतील. ‘मशीन ऑटोला टाका’, ‘लोकलला टाका’ ही आम्हा डिप्लोमावाल्यांची भाषा, आणि ते बटण तर मी स्वतःच पुठ्ठ्याखाली झाकून ठेवलेलं. काकांच्या कानांनी जे ऐकलं ते अंबरनाथच्या कुठल्याही माणसानं ऐकलं असतं. नशीब, आमच्याकडे रिक्षाला कोणी ऑटो म्हणत नाही.

सव्वा तासानं बेल वाजली. दारात काका. घामानं डबडबलेले, आणि दोन्ही हातांत, लॅबमधल्या खिडकीच्या पडद्यात गुंडाळलेला मीटर. मागे वायरी लोंबतायत. म्हणाले, “तू बोल्लीस लोकलला टाक. पन ह्यो नग कोनाच्या हाती देन्यासारका नाय. म्हनून मीच घेऊन आलो.” मेगाब्लॉकमुळे गाड्या कमी होत्या, वेळ लागला, याची त्यांनी माफी मागितली. मांडीवरून खाली ठेवला नाही, हेही सांगितलं. चेहरा असा खुललेला होता की कित्येक आठवड्यांत मी तो तसा बघितला नव्हता. त्यांना कोणीतरी काम सांगितलं होतं.

मी त्यांना आत घेतलं. मीटर घेतला आणि टेबलावर लसणाच्या सालींशेजारी ठेवला. साठ तासांची टेस्ट त्रेपन्नाव्या तासाला पडद्यात गुंडाळून बदलापूरला आली होती. आता ग्राफ मेला असेल आणि शेठ आपल्याला सिंधीत काय काय म्हणतील, याचा विचार करत मी लॅपटॉपकडे बघितलं.

ग्राफ चालू होता. बारा पॉइंट शून्य तीन चार. पट्टी ठेवून आखलेली रेषा, एकेक सेकंद पुढे सरकत होती. मीटर माझ्या कोपराशी, त्याची वायर हवेत, आणि पुण्याच्या साहेबांचा नवा मेसेज, शेवटच्या टप्प्यातही जराही ढळला नाही, अभिनंदन.

मला हसू फुटलं. एवढं की नवरा झारा हातात घेऊन बाहेर आला. काकाही हसले, कशाला ते न कळताच. मग माझं हसू एकदम थांबलं, कारण मी घातलेली ती ओळ मला आठवली. ग्राफ मागे नेऊन बघितला, तर आकडा पहाटेपासूनच गोठलेला; मीटरकडून कॉम्प्युटरकडे येणारी वायर तेव्हाच कधीतरी ढिली झाली होती. उंदरावर संशय आहे, पण त्याला बाजू मांडायची संधी मिळालेली नाही. तेव्हापासून प्रोग्राम इमानेइतबारे एकच आकडा सांगत बसला होता. पहाटेपासून तो सप्लायचा डबा भट्टीत खरोखर कसा होता, हे जगात कोणालाच माहीत नव्हतं, असं मला वाटलं.

मी काकांना विचारलं की तुम्ही काढलात तेव्हा मीटरवर काय दिसत होतं. ते आधी पाणी प्यायले, चष्मा काढून पुसला, खिडकीबाहेर बघितलं. मग शर्टाच्या खिशातून एक छोटी डायरी काढली, सराफाकडून दिवाळीला मिळते तशी, आणि माझ्याकडे न बघता पुढे केली.

वही बंद ठेवा म्हटलं होतं, म्हणून ते वहीत लिहीत नव्हते. डायरीत लिहीत होते. रविवार, सकाळी आठपासून दर अर्ध्या तासाला एक आकडा. अकरा पॉइंट आठ दोन. अकरा पॉइंट सात चार. अकरा पॉइंट सहा एक. अकरा पॉइंट चार. सप्लाय भट्टीत हळूहळू बसत चालला होता, आणि प्रत्येक उतार काकांच्या गोल गोल अक्षरांत तिथं होता. पण प्रत्येक आकड्यावर आडवी रेघ मारलेली होती, आणि पुढे लिहिलं होतं, १२.०३. १२.०३. १२.०३.

काकांच्या वहीत खाडाखोड नसते. एकदा एका गिऱ्हाइकासाठी शेठनी आकडा थोडा वर करायला सांगितला, तेव्हा त्यांनी पेन शेठच्या हातात दिलं आणि म्हणाले होते, तुमीच खोडा, आनि खाली तुमचीच सई करा. शेठनी पेन टेबलावर ठेवून दिलं होतं. त्या माणसानं एका सकाळीत आठ-नऊ वेळा स्वतःचा आकडा खोडला होता.

“काका, हे का खोडलंत?”

“मीटरवर आकरा दिसं, कॉम्पूटरवर बारा,” ते म्हणाले. “मना वाटला डोलं गेलं माजं. तू बनवलेला हाय, त्यो कसा चुकंल?”

मग त्यांनी सांगितलं की उद्या सकाळी उल्हासनगरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबर लावलाय, सकाळीच मुलाला फोन करून. आणि एक तारखेचं त्यांना ठाऊक आहे, आणि शेठ बरोबरच बोलतात, दिसत नसेल तर माणसानं स्टूल अडवू नये. हे सगळं अगदी शांतपणे. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. नवऱ्यानं मुकाट्यानं त्यांच्यापुढे ताट आणून ठेवलं. मी त्यांना त्या ओळीबद्दल सांगितलं, ती मी का घातली आणि त्यात काय लिहायचं सोडलं ते. त्यांना कितपत कळलं माहीत नाही. त्यांनी एवढंच विचारलं की मग मीटर परत लोकलला टाकायचा का.

शेठना फोन लावला. त्यांनी आधी सिंधीत पोटभर सुनावलं, ते मी ऐकून घेतलं. मग ते हिंदीवर आले आणि दोन मिनिटांत त्यांना वाट सापडली. पुण्याला लिहायचं की स्टाफच्या चुकीमुळे टेस्ट तुटली, म्हाताऱ्या माणसानं मीटर उचलून नेला, त्याला कामावरून काढत आहोत, पुन्हा टेस्ट करून देतो. ग्राफचं काही बोलायचंच नाही. खोटं एकही वाक्य नव्हतं त्यात, आणि मी त्यातून अलगद सुटत होते. काका समोर भात कालवत होते. फोन स्पीकरवर नव्हता, पण शेठचा आवाज स्पीकरची वाट बघत नाही.

मी म्हटलं, “शेठ, काकांनी मीटर उचलला तेव्हा ग्राफ मरून आठ-नऊ तास झाले होते. मेलेला ग्राफ चालवणारी ओळ मी लिहिली आहे. काका जाणार असतील तर आधी मला काढा.”

 मग शेठ म्हणाले, “टूटना नहीं मंगता, मैंने बोला था.” आणि फोन ठेवला. याला माफी म्हणायची की आणखी काही, ते मी अजून ठरवलेलं नाही.

पुण्याला मी डायरीच्या पानाचा फोटो पाठवला, जसाच्या तसा, रेघांसकट, आणि खाली सगळं लिहिलं. पाच मिनिटांत साहेबांचा फोन आला. मला वाटलं, आता आपली खरडपट्टी निघणार. त्यांनी माझ्याशी एक शब्द बोलायच्या आधी विचारलं की हे ज्यांनी लिहिलं ते आहेत का तिथं. मी फोन काकांकडे दिला. साहेबांचा प्रश्न एकच होता, खोडलेला आकडा खरा, की पुढचा? त्या डब्याच्या भरवशावर कोणाच्या तरी उशाशी मॉनिटर चालणार होता.

काकांनी माझ्याकडे बघितलं. तीस वर्षं जो माणूस आकडा सांगायला कोणाच्या तोंडाकडे बघत नव्हता, त्यानं माझ्याकडे बघितलं. मी ‘सांगा’ अशी मान डोलावली. मग ते म्हणाले, “खोडलेला.”

पुण्याच्या साहेबांनी तो सप्लाय परत घेतला आणि आतली रचना बदलली. आता त्यांची अट अशी की ग्राफसोबत हातानं लिहिलेली वहीही हवी, त्यामुळे काकांना मोकळं करायचा विषय शेठनी पुन्हा काढला नाही. मी ती ओळ काढून टाकली. आता आकडा आला नाही की ग्राफ तुटतो, पांढरी जागा दिसते, आणि फोन येतात ते मी घेते. सोमवारी डॉक्टरांनी काकांचे डोळे तपासले आणि सांगितलं की नंबर जुनाच आहे, डोळे उत्तम.

काका आजही आठला येतात. क्लिपा दाबतात, चष्मा पुसतात, आकडा बसायची वाट बघतात, टोपण काढतात. आणि लिहायच्या आधी एकदा मान वळवून कॉम्प्युटरकडे बघतात. पूर्वी बघत नव्हते. मी एकदा न राहवून विचारलं की काका, तिकडे कशाला बघता, डॉक्टरांनी डोळे चांगले सांगितलेत ना.

“डोलं चांगलं हायत ग,” ते म्हणाले. “पन आपला एकदा बघून घेतलेला बरा.” आणि दोन्ही आकडे जुळले तेव्हा त्यांनी लिहिलं.